गेम बंद करण्याआधी जेवणाच्या टेबलाकडे बघा

ताई, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. मुलगा १४ वर्षांचा. शाळेतून आला की मारामारीचा गेम, हेडफोन लावून आरडाओरडा. परवा चुलतबहीण जिन्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले. हा आधी खी खी हसला आणि मोबाइल काढून शूटिंग करायला लागला! हे म्हणतात, गेम डिलीट कर. जेवताना हे ग्रुपवर आलेले अपघातांचे व्हिडिओ दाखवतात, तेव्हाही तो हसतो. मुलाचं काळीज दगड झालंय का?
– एक आई

अपघातांच्या व्हिडिओंचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी अडले ती तिथेच.

आधी गेमचं बघू. जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना दोन महिने रोज हाणामारीचा गेम खेळायला लावला. त्यांचा रागीटपणा वाढला नाही की सहानुभूती आटली नाही, असा निष्कर्ष २०१८ साली छापून आला. ती मुलं नव्हती, हे खरं. पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली म्हटलं की, ओरडणं, ढकलाढकली यांच्याशी गेमचा थोडाफार संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही.

याहून जुना प्रयोग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बदडलं, ते पाहून बालवाडीतल्या मुलांनीही बदडलं. १९६५ च्या प्रयोगात काही मुलांनी फिल्ममध्ये त्या बदडणाऱ्याला शिक्षा होताना पाहिली. त्यांनी नक्कल कमी केली. म्हणजे मार बघितल्यावर पुढे काय होतं, तेही मुलं टिपत असतात.

आता तुमच्या घरी पुढे काय होतं? गेममधला मेलेला पुढच्या डावात उठतो, हे तुमच्या मुलाला पक्कं ठाऊक आहे. यांच्या मोबाइलवरचा स्कूटरवाला खराखुरा असतो. तो ट्रकखाली जातो, वडील 'अरे, हे बघ' म्हणून फोन पुढे करतात आणि कुणीतरी विचारतं, वरण वाढू का? जिन्यात मुलाने दुसरं काय केलं? माणूस पडलेलं दिसलं, मोबाइल काढला.

हसण्याला मात्र मी फार किंमत देत नाही. या वयात घाबरल्यावरही हसू फुटतं. रात्री त्याने बहिणीची चौकशी केली का, हे तुम्ही लिहायला हवं होतं.

यांच्याशी एकट्यात बोला, पोरासमोर नको. टेबलावर फोन नाही, त्यांचाही नाही. गेम डिलीट करू नका. तो मित्राच्या घरी जाऊन खेळेल. मात्र हॉलमध्ये बसून खेळू दे आणि एकदा हेडफोन काढायला लावून त्या टोळीची भाषा ऐका. मला त्या गोळ्यांपेक्षा तिथल्या शिव्यांची जास्त काळजी वाटते.

मुक्या जनावराला छळणं, लहान पोरांना रडवून मजा घेणं असं वरचेवर दिसलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो.

आणि तो व्हिडिओ? बहिणीला विचारून तिच्यासमोरच त्याला पुसायला लावा. टाके काढायला जाताना तिच्यासोबत त्याला पाठवा, नंबर लावायचं काम त्याच्याकडे द्या. तिथे बसल्या बसल्या ती काय सुनवायचं ते सुनवेल, तुम्ही मध्ये पडू नका.