खाजगी डेअरी जास्त दर देत असताना गावात सहकारी दूध संस्था कशाला काढायची?

लिटरमागे रुपया-दोन रुपये जास्त मिळत असतील तर हा प्रश्न पडणारच. पण निर्णय आजच्या दरावर घेऊ नका, दूध कोणी घेत नाही त्या दिवसांवर घ्या. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाली, तेव्हा सरकारला जादा दूध विकत घेऊन भुकटी करावी लागली. अशा वेळी खाजगी संकलक दर पाडू शकतो, दूध घेणंही थांबवू शकतो. गावोगावच्या सहकारी संस्थांचं दूध घेणारा संघही कधीकधी एका वेळचं संकलन बंद ठेवतो, पण तिथे झळ सगळ्यांना सारखी बसते आणि जाब विचारायला सभा असते.

माझ्या मते गावाला खरा आधार असतो तो दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या बिलाचा. खरीप हातचा गेला तरी किराणा थांबत नाही. पशुखाद्याची पोती बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर मिळतात, दिवाळीला दूधफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम येते.

दुसरा आधार राखीव निधीचा. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा त्यात टाकणं कायद्यानंच बंधनकारक आहे. त्याशिवाय सर्वसाधारण सभेच्या ठरावानं लिटरला ५० पैसे आपत्ती निधी म्हणून वेगळे काढा. रोजचं संकलन ४०० लिटर असेल तर वर्षाला ७३,००० रुपये होतात. दुष्काळात चारा आणायला आणि डिझेल जनरेटरला तेच कामी येतात. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे रस्ते बुडाले आणि टँकर गावापर्यंत पोचेनात. बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी मोठी टाकी) आणि जनरेटर असेल तर ४ अंशांवर दूध दुसऱ्या दिवसापर्यंत तरी धरून ठेवता येतं.

आता संस्था बुडते कुठे, ते नीट बघा. बहुतेक वेळा भांडण फॅटवरून, म्हणजे ज्यावर दर ठरतो त्या दुधातल्या स्निग्धांशावरून पेटतं. म्हशीच्या दुधावर साय पटकन चढते; कॅन न ढवळता वरचा नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते, तळचा घेतला तर कमी. फॅट मोजणाऱ्या मशीनच्या नळ्या रोज धुतल्या नाहीत तर आकडा हळूहळू सरकत जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सभासदांसमोर तोच नमुना गर्बर पद्धतीनं, म्हणजे आम्ल घालून फॅट वेगळी करून तपासा: १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या जोरात फिरवणाऱ्या यंत्रात) ५ मिनिटं. आम्ल आधी घाला, दूध नळीच्या कडेनं सावकाश सोडा. घाईनं ओतलं तर दूध करपतं, काळे कण दिसतात आणि वाचन चुकतं.

काट्याचंही तसंच. काटा किलो दाखवतो, बिल लिटरवर निघतं. १०० किलो दूध म्हणजे साधारण ९७ लिटर. हा हिशेब फलकावर लिहून ठेवा, नाहीतर रोज तीन लिटरची शंका सचिवाच्या माथी बसते.

उचलीला, म्हणजे बिलापोटी आगाऊ दिलेल्या रकमेला मात्र सुरुवातीपासून हद्द घाला. मागच्या तीन बिलांच्या सरासरीपेक्षा जास्त कोणालाच नाही, संचालकालाही नाही. जनावर भाकड पडलं की कपात करायला बिलच उरत नाही आणि उचल थकते.

नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा प्रवर्तक, म्हणजे संस्था काढणारे लोक लागतात. प्रस्ताव जिल्ह्याच्या दुग्ध सहायक निबंधकांकडे जातो. त्याआधी, रोज किती दूध मिळालं तर तुमच्या मार्गावरून टँकर येईल, हे संघाकडून लेखी घ्या. तेवढं दूध देणारी घरं हिवाळ्यात नव्हे, मे महिन्यात मोजा. उन्हाळ्यात दूध आटतं आणि खर्च तेवढाच राहतो.