आबांचा चाकू आणि पात्यावरचं ४३

प्रश्न: आजोबांचा जुना घडीचा चाकू वारशाने मिळाला आहे. पात्यावर तारा आणि क्रॉससारखी खूण आहे, मूठ शिंगाची आहे. त्याचा इतिहास कसा शोधू? किंमत किती येईल?

उत्तर: सगळ्यात आधी, चाकू घासू नका. चिंचेने नको, पॉलिश पेपरने नको आणि बफिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. आमच्या घरात हे होऊन गेलंय, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतो.

आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, चाकू लष्करी. काळी चौकड्यांची मूठ, रुंद पातं, डबा फोडायचं हत्यार, पाठीला बोटभर दाभण आणि टोकाला दोरी ओवायची कडी. गावात सगळे त्याला दाभणाचा चाकूच म्हणायचे. करकचून बसलेली दाव्याची गाठ आबा त्या दाभणाने अशी अलगद सोडवायचे की आम्ही पोरं बघत राहायचो.

थोरल्या चुलत्यांनी या चाकूची एक गोष्ट घरात रुजवली होती. १९४१ च्या मार्चमध्ये, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत, आबांनी एका जखमी गोऱ्या साहेबाला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला आणि साहेबाने खूश होऊन खिशातला चाकू काढून दिला. आबा केरेनला होते हे खरं. ५ मराठाची, म्हणजे फौजेतल्या पाचव्या मराठा रेजिमेंटची, तिसरी बटालियन तिथे लढली आणि आबा तिच्यात शिपाई होते. पण साहेबाची गोष्ट आम्ही आबांच्या तोंडून एकदाही ऐकली नाही. ते सांगायचे पाण्याचं. उघडा खडकाळ डोंगर, वर बसलेला शत्रू, आणि पाणी माणसांनी पाठीवरून वर चढवायचं. ते सांगताना मध्येच गप्प व्हायचे.

आबा गेल्यावर चाकू माझ्या थोरल्या चुलत भावाकडे, दादाकडे गेला. वर्षश्राद्धाला चकचकीत दिसावा म्हणून त्याने तो बफिंगच्या चाकावर धरवला. पात्याच्या बुडाशी कारखान्याचं नाव होतं, ते पार पुसलं गेलं. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही. मग घड्याळजीकडून भिंग आणलं आणि चाक जिथे पोचलं नव्हतं तिथे, दाभणाच्या मुळाशी, पाहिलं. तीन रेघांचा बाण होता आणि शेजारी ४३. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण (बाणाखाली आय हे अक्षर असतं तर माल हिंदुस्थान सरकारचा), आणि ४३ म्हणजे १९४३. केरेन ब्रिटिशांच्या हाती पडलं २७ मार्च १९४१ ला. तिथे कुणी कुणाला हा चाकू दिला असणं शक्यच नाही.

पुढचं आत्याच्या ट्रंकेत सापडलं, आबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेली नोकरीची नोंदवही. पायाला गोळी लागून परत आले आणि १९४२ पासून १९४६ पर्यंत बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला रंगरूट शिकवत होते. म्हणजे चाकू तिथल्या स्टोअरमधून मिळालेला, दर शिपायाला मिळे तसाच. दादा म्हणतो, "तू आबांना लहान करतोस." मला हे अजिबात मान्य नाही. केरेनचा डोंगर चढलेल्या माणसाला मोठं ठरवायला साहेबाची बक्षिसी कशाला लागते? आणि ज्यांना त्यांनी बेळगावला उभं केलं, त्यातली पोरं पुढे इटलीत लढली. ती गोष्ट आमच्या घरात कुणी सांगतच नाही.

आता तुमचा चाकू. तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रॉस) ही इंग्लंडमधल्या चाकूंसाठी प्रसिद्ध शेफील्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची खूण, १६८२ सालापासूनची. पात्याच्या बुडाशी मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना अक्षरं आहेत का ते तिरप्या उजेडात बघा. व्ही आणि आर असतील तर व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. जी आणि आर असतील तर जॉर्ज राजाचा काळ, बहुधा १९१० नंतरचा. स्टेनलेस लिहिलेलं असेल तर १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद त्या साली केलं. नुसत्या शेफील्ड या नावावर मात्र भुलू नका. जर्मनीतून त्या नावाचा बनावट माल इतका यायचा की १८८७ मध्ये ब्रिटनला खोट्या छापांविरुद्ध कायदा करावा लागला. मूठ सांबरशिंगाची असेल तर गंमत बघा, शेफील्डला हे शिंग आपल्याच देशातून जायचं.

छापावरून चाकू कधी घडला ते कळतं, तुमच्या आजोबांच्या हातात कधी आला ते नाही. त्यासाठी घरातली कागदपत्रं काढा आणि घरात सगळ्यात वयस्कर जी बाई असेल तिला विचारा. पुरुष लढाया सांगतात, चाकूने काय कापलं जायचं ते बायकांना आठवतं.

किमतीचं मी बोलणार नाही, आजोबांची वस्तू विकायची नसते. शिवाय सांबरशिंगाची खरेदी-विक्री करताना १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, तेव्हा जाहिरात टाकण्याआधी वकिलाला विचारा. हो, घासू नका म्हणजे गंजू द्या असं नाही. मऊ फडक्याने पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. कातडी म्यानात मात्र ठेवू नका, त्यात पोलाद लवकर गंजतं.

आणि दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. डिस्चार्ज बुक माझ्याकडे आहे. दिवाळीला ये, आत्यालाही बोलावतो, एकत्र बसून वाचू.