घेणारा माणूस निरोगी आहे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ नये, यासाठी गालाच्या आत लावायच्या जेलमध्ये हळदीतले कर्क्युमिन सोन्याच्या नॅनोकणांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, बसवावे की साध्या लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, कणांत भरावे, हा तुझा पेच आहे. आणि सोन्यावरचा शोधनिबंध लवकर छापून येतो म्हणून तू तिकडे झुकली आहेस. मी एवढेच विचारतो, की हे जेल लावणारा माणूस कोण? त्याला कर्करोग झालेला नाही आणि अशा बहुतेकांना तो होणारही नाही. रुग्ण उलट्या आणि केस गळणे सोसतो, कारण त्याच्यासमोर मृत्यू उभा असतो. निरोगी माणसाने का सोसावे?

गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस पाहा. त्याच्या कवचातील एल-१ या प्रथिनाचे ३६० रेणू आपोआप जुळून सुमारे ५५ नॅनोमीटरचा गोळा तयार होतो, परंतु आत विषाणूचा डीएनए नसल्याने त्याच्यापासून संसर्ग होऊच शकत नाही. म्हणूनच २००६ पासून ती धडधाकट मुलींना देता आली, आणि आता पुण्यातही अशी लस तयार होते. त्या कणाची थोरवी त्याच्या रिकामेपणात आहे.

मी मात्र अकरा वर्षे उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींत सोन्याचे कण शोधत राहिलो. गाठींचे छेद देखणे येत; यकृत आणि प्लीहेचे नमुने फॉर्मालिनच्या बाटल्यांत, कपाटाच्या खालच्या फळीवर तसेच पडून राहिले. नॅनोकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोहोचते, असे २०१६ मध्ये एका आढाव्यातून पुढे आले, तेव्हा मला आधी त्या बाटल्या आठवल्या, कारण उरलेले बरेचसे यकृत-प्लीहेतच अडकत असणार. अनुदान गाठीसाठी मिळे, यकृताबद्दल कोणी विचारत नसे. हे समर्थनच आहे, पण खोटे नाही.

जेल गालाच्या आतून लावायचे आहे, त्यामुळे यकृताचा प्रश्नच येत नाही, असे तू लिहितेस. अग बाई, लाळ गिळली जाते! लिपिड शरीर पचवते. सोने पचत नाही, आणि तुझा निरोगी माणूस ते वर्षानुवर्षे रोज लावणार आहे.

पुढच्या पत्रात कणांची छायाचित्रे पाठवू नकोस. नव्वद दिवस जेल लावलेल्या उंदरांच्या यकृतात किती सोने सापडले, तो आकडा पाठव. तोपर्यंत तुझ्या प्रस्तावासाठी मी शिफारसपत्र देणार नाही.