साक्षात्कार, प्रकटीकरण आणि बिचारं 'उमजणं'

प्रश्न असा आलाय: बायबल वाचताना किंवा प्रार्थनेत एखादी गोष्ट एकदम लख्ख कळते, इंग्रजीवाले ज्याला एपिफनी म्हणतात, त्याला ख्रिस्ती मराठीत साक्षात्कार म्हणावं की प्रकटीकरण? आणि तो क्षण खरा की मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं?

साक्षात्कार शब्दाची आपण पार माती केलीय. चार्जर विसरल्याचं आठवलं तरी 'साक्षात्कार झाला'! हिंदीत तर नोकरीच्या मुलाखतीलाही साक्षात्कारच म्हणतात, जाऊ दे. मुळात यात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. साक्ष, साक्षी तिथलेच, त्यामुळे चर्चमध्ये उभं राहून साक्ष देणारा माणूस म्हणजे स्वतः डोळ्यांनी बघितलेला माणूस. हा हिंदूंचा शब्द, ख्रिस्ती लोकांनी वापरू नये असं जे सांगतात त्यांनी मग 'साक्ष' पण परत करावी. माझी हरकत वेगळी आहे. तुम्ही ज्या क्षणाबद्दल विचारताय त्यात बहुतेकदा डोळ्यांना काहीच दिसत नाही. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला खरा, पण पुढचे तीन दिवस तो आंधळा होता.

प्रकटीकरण म्हणजे जे प्रकट नव्हतं ते प्रकट करणं. करणारा देव. त्यामुळे ६ जानेवारीच्या सणाला 'प्रकटीकरणाचा सण' म्हणतात ते चोख आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नावही चोख आहे, पण 'काल मला प्रकटीकरण झालं' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. (संकट, प्रकट, उत्कट, विकट ही सख्खी भावंडं आहेत, पाणिनीनं एकाच सूत्रात बसवलीत. त्यावर पुन्हा कधीतरी, नाहीतर मी तिकडेच वाहवत जाईन.)

आता माझा लाडका शब्द. उमजणे. संस्कृतात मज्ज् म्हणजे बुडणे, निमज्जन म्हणजे आत बुडणं, आणि उन्मज्जति म्हणजे पाण्यातून वर येतो. माझा कौल असा की आपलं उमजणं या उन्मज्जतिपासून आलंय: आत खोल कुठेतरी बुडालेली गोष्ट वर येते, डोकं बाहेर काढते, ती उमजते. 'न्म'चा 'म' कसा झाला म्हणाल तर उन्मीलपासून उमलणे झालंच की, आणि 'ज्ज'चा 'ज' लज्जा-लाज मध्ये रोज बघतो आपण. तरी नाक मुरडणारे विद्वान भेटतातच. त्यांचं म्हणणं, 'समज'ला जोड म्हणून 'उमज' बनला, समज-उमज, झालं. अहो मग उमलणं कुणाला जोड म्हणून बनलं? यावर उत्तर मिळत नाही, फक्त 'पुरावा कमी आहे' एवढं ऐकायला मिळतं.

आणि ख्रिस्ती संदर्भात हे किती बसतं बघा! बाप्तिस्मा हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थच बुडवणे. बायबलमध्ये मार्क १:१० मध्ये येशू पाण्यातून वर येतो आणि लगेच आकाश उघडलेलं त्याला दिसतं, म्हणजे अक्षरशः उन्मज्जन. ६ जानेवारीच्या सणाला पश्चिमेकडे बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची आठवण करतात, पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो सण येशूच्या बाप्तिस्म्याचाच. शिवाय इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला कार्दोनेर नदीकाठी पाण्याकडे तोंड करून बसला असताना त्याला जे झालं त्याबद्दल त्यानं नंतर स्पष्ट सांगितलंय की कुठलाही दृष्टान्त दिसला नाही, पण खूप काही कळलं आणि सगळं नवीन वाटायला लागलं. याला साक्षात्कार कसं म्हणणार? त्याला उमजलं. नदीकाठी उमजलं, अजून काय पाहिजे!

हां, ओळखायचं कसं ते राहिलंच. इग्नेशियसचीच गोष्ट, आदल्या वर्षीची. पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, अंथरुणाला खिळला, तेव्हा शूर सरदार होऊन मिरवायची स्वप्नं बघायचा आणि कधी संतांसारखं जगायची. गोड दोन्ही वाटायची. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतरचं समाधान टिकून राहायचं, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे त्या क्षणाची गोडी नाही बघायची, मागे काय उरतं ते बघायचं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

एकदा खरं उमजलं म्हणून पुढचं सगळं खरं, असंही नाही. मत्तय १६ काढा. सतराव्या वचनात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो की हे तुला माणसानं नाही, माझ्या स्वर्गातल्या पित्यानं प्रकट केलं (बघा, प्रकट करणारा कोण ते). आणि तेविसाव्या वचनात त्याच पेत्राला 'सैताना, माझ्यापुढून निघून जा'. मध्ये फक्त पाच वचनं आहेत.