चित्रकला येत नसेल तर आवडत्या टीव्ही कार्यक्रमाचं पोस्टर घरी कसं बनवावं?

तुम्ही लिहिलंय की 'चला हवा येऊ द्या'चं मोठं पोस्टर खोलीत लावायचंय, पण चेहरे काढता येत नाहीत आणि गावात मोठ्या छपाईची सोय नाही. माझं सांगणं एवढंच, की चेहरे काढूच नका.

माझं गाव झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात आहे. दिवाळी झाली, धान कापून झाले की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा भरते, रात्री नाटक असतं आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं पानठेल्यापासून बसथांब्यापर्यंत लागतात. कलावंतांचे चेहरे, नाटकाचं नाव, गाव, तारीख, तिकिटाचे दर, सगळं त्यावर दाटीवाटीनं असतं आणि ते तसंच हवं. नाटकाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या वाटसरूला थांबवून रात्री मंडपात आणायचं असतं ना! तुमच्या खोलीतल्या पोस्टरला कुणाला बोलवायचं नाही. कार्यक्रम तुम्हाला पाठ आहे, म्हणून तिथे एकच खूण पुरते.

ती खूण शोधायला मात्र भरपूर वेळ द्या. कार्यक्रमाचं नाव घेतल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? माझ्यापुढे सागर कारंडे यांचा पोस्टमन येतो. इतका वेळ हसणारं घर त्याचं पत्र सुरू झालं की गप्प होतं. मी काढलं तर पोस्टमनची टोपी आणि खाली उघडलेलं पत्र, एवढंच काढेन. टोपी जराशी वाकडी झाली तरी टोपीच दिसते. चेहऱ्यात नाकाची रेघ सरकली की माणूसच बदलतो. तुम्हाला भारत गणेशपुरे यांचं वऱ्हाडी बोलणं आवडत असेल, तर त्यांचं एखादं वाक्य कागदभर मोठ्या अक्षरांत लिहा. चित्राची गरजच नाही.

कागद म्हणून तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून पूर्ण कार्डशीट आणा, २२ बाय २८ इंचाची. मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटची मोठी प्रिंट काढायचा विचार सोडा. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. ती २२ इंचांवर ताणली तर एका इंचाला ८७च पिक्सेल येतात आणि जवळून चित्र फुटलेलं दिसतं. त्यापेक्षा साडेपाच बाय सात इंचाच्या कागदावर छोटं चित्र पक्कं करा आणि त्यावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा. आडव्या ११, उभ्या १४ होतील. कार्डशीटवर तेवढ्याच चौकटी दोन-दोन इंचांच्या आखा. मग एका वेळी एकच चौकट बघायची आणि त्यातली रेघ जिथून शिरते, जिथून निघते, तिथूनच मोठ्या चौकटीत न्यायची. चित्रकला न येणाऱ्याचंही चित्र असंच मोठं होतं.

खरी मजा अक्षरांत आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरचित्रकार कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावं मिळाली तर जरूर बघा. नाटक विनोदी की गंभीर, हे अक्षरांच्या वळणावरूनच कळतं. तुमच्या कार्यक्रमाच्या नावात 'हवा' आहे, तर शिरोरेषा पट्टीनं न आखता जरा उडती ठेवून बघा. पण आधी पेन्सिलीनं. आपल्या लिपीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळीच्या वर आणि खाली जागा सोडल्याशिवाय सुरुवात करू नका. नाव मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे आखत गेलात तर शेवटचा 'द्या' कडेला चेंगरत नाही. रंगवायला चपटा ब्रश घ्या आणि एका जाड रेघेसाठी शक्यतो एकच फटकारा मारा.

रंग दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं टाळा, पिवळ्या दिव्याच्या उजेडात ती दिसतच नाहीत. काळ्या किंवा गडद निळ्यावर तोच पिवळा लांबून वाचता येतो.

चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला चिकटपट्टी धरत नाही. खळीनं चिकटवलं तर ओल आणि कसर दोन्ही लागतात, शिवाय ते पुन्हा काढता येत नाही. वर आणि खाली बांबूच्या कमच्या लावा, दोरी बांधा आणि खिळ्याला टांगा. पोस्टर कलर पाण्यानं सुटतो, म्हणून पावसाळ्यात ओल येणारी भिंत नको. तेवढे महिने उतरवून ठेवायचं असेल तर गुंडाळताना चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा. आतल्या बाजूला आलं तर जाड रंगाचे पापुद्रे निघतात.