पोळा ते घट, अन् सहा आठवडे

"मॅडम, पोरगा पोळ्याला आला. परवा घट बसले. मधात एकच महिना ना? मंग रिपोर्टात सहा आठवडे काहून लिहून राहिले?" गरोदर सुनेच्या, घटस्थापनेच्या दिवशी काढलेल्या सोनोग्राफीचा कागद सासूबाईंनी टेबलावर आपटला.

२०२५ची, नागपुरातली गोष्ट. ओळख पटेल ते बदललं आहे. मुलगा नोकरीला सुरतेत. तो खाली मान घालून बसलेला, सून भिंतीकडे बघत.

दोघांना मी बाहेर बसवलं. पाळीची तारीख बाईला एकटीलाच विचारायची, हा माझा नियम. तिला पक्की आठवत होती: ८ ऑगस्ट, राखीच्या आदल्या दिवशी. ओवाळायला जावं की नाही, यावरून घरात बोलणं झालं होतं.

तिला विचारून दोघांना आत घेतलं आणि कॅलेंडर पुढ्यात ठेवलं. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. गर्भ नेमका कधी राहिला हे सहसा कळत नाही, पाळीची तारीख सांगता येते. पाळी २८ दिवसांची असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नसतोच! तरी ते मोजतात. रिपोर्टवर 'एलएमपी', म्हणजे शेवटची पाळी, असं छापतात, पण हे एवढं वाक्य सांगायला कुणाला फुरसत नसते. माझा राग आहे तो त्यावर.

८ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर, मी बोट ठेवत मोजलं: ४५ दिवस. सहा आठवडे तीन दिवस. रिपोर्टातही तेच. या दिवसांत सोनोग्राफीचा अंदाज पाच-सात दिवस इकडेतिकडे होतो, इथे तेवढाही फरक नव्हता. आणि पोळा २२ ऑगस्टला, पाळीनंतर बरोबर दोन आठवड्यांनी.

"म्हणजे माझ्या हिशेबानं साडेचार, डॉक्टरच्या हिशेबानं साडेसहा?" नवरा पहिल्यांदाच बोलला.

"हो. दोन्ही बरोबर."

सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर ८ ऑगस्टपासून नऊ महिने मोजले. मी म्हटलं, वर सात दिवस धरा, २८० दिवस होतात. तारीख येते १५ मे. त्याच दिवशी होईल असं नाही, दोन-तीन आठवडे आधी किंवा आठ-दहा दिवस नंतरही होतं.

"मे महिन्यात? बाप्पा! कूलर आत्ताच दुरुस्त करा लागते."

नवरा हसला. सून हसली नाही. "पाळी कधी आली होती, हे मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी मी तिला एकटीला बोलावलं.