पेटंटचा अर्ज 'अबँडन्ड' दाखवतोय, पुन्हा चालू करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या व्हॉल्व्हचा अर्ज ऑनलाइन 'अबँडन्ड' (सोडून दिलेला) दिसतोय आणि एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आल्याचं एजंटने कळवलंच नाही. मी पुण्यात पेटंटचंच काम करते. अर्ज वाचू शकतो, पण आता एकही दिवस घालवू नका.

आधी स्टेटसच्या पानावर कलम बघा. पेटंट कायद्याचं 21(1) असेल तर एफईआरला मुदतीत उत्तर गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथेच कागदपत्रांत एफईआर सापडेल. तिच्यावरची तारीख टिपून घ्या, सगळा हिशोब तिथून सुरू होतो. उत्तराला 6 महिने असतात. ते संपायच्या आत फॉर्म 4 (मुदतवाढीची विनंती) भरला तर आणखी 3. ही वेळ टळली असली तरी 15 मार्च 2024 पासून पेटंट नियमांतला नियम 138 बदललाय. मुदत उलटल्यावरही 6 महिन्यांपर्यंतचा उशीर माफ करा, अशी विनंती फॉर्म 4 वरच कंट्रोलरकडे (पेटंट ऑफिसच्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करता येते. शुल्क महिन्यामागे लागतं आणि ते जड आहे, तरी कोर्टापेक्षा परवडतं. नुसती मुदत मागू नका; एफईआरचं पूर्ण उत्तर सोबत जोडा.

तेही महिने गेले असतील तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. 21(1) वर कायद्यात अपील ठेवलेलंच नाही. अर्ज सोडून द्यायचा तुमचा इरादा होता का, हे तिथे पाहिलं जातं. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एजंटच्या चुकीने गेलेले युरोपियन युनियनचे अर्ज याच मुद्द्यावर पुन्हा चालू करायला लावले. मुंबईत तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. त्यामुळे एजंटला केलेले मेल, व्हॉट्सअॅप, फीच्या पावत्या आजच एकत्र करा. आणि त्याच्याशी भांडण नंतर करा. चूक माझी होती असं त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर तुमची बाजू फार भक्कम होते.

कुणी फॉर्म 15 सुचवेल. तो मंजूर झालेलं पेटंट फी न भरल्याने बंद पडलं तर असतो, तुमच्या कामाचा नाही.

नव्याने अर्ज करावा का, असंही तुम्ही विचारलंय. एफईआर आली म्हणजे अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाच आहे, त्यामुळे नव्या अर्जाला तुमचाच जुना अर्ज आडवा येईल. फक्त प्रोव्हिजनल (तात्पुरतं वर्णन) भरून 12 महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण वर्णन) गेलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती. तसा अर्ज प्रसिद्ध होत नाही.

एफईआरची तारीख इथे लिहा, कुठला मार्ग शिल्लक आहे ते सांगते.